नासदीय सूक्त : न आलेली दोन अक्षरं

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त अवघ्या सात ऋचांचं आहे. १,०२८ सूक्तांच्या त्या राशीत बहुतेक ठिकाणी कुणाला तरी हाक मारलेली असते. इंद्राला, अग्नीला, उषेला, वरुणाला. काही तरी मागितलेलंही असतं : पाऊस, गाई, शूर मुलं, शत्रूचा पाडाव. या सात ऋचांत हाकही नाही आणि मागणंही नाही. कवी एका प्रश्नाच्या मागावर आहे, एवढंच. हे सगळं नव्हतं तेव्हा काय होतं? काहीच नसेल, तर त्या काहीच-नाहीतून हे आलं कसं? आणि कुणी आणलं असेल, तर त्याला तरी ते ठाऊक आहे का?

१४ नोव्हेंबर १९८८ला दूरदर्शनवर श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ सुरू झाली आणि वनराज भाटियांच्या संगीतातून हे सूक्त घराघरांत पोचलं. आधी संस्कृत, पाठोपाठ हिंदी. तो हिंदी अनुवाद वसंत देवांचा, मराठी नाटकं हिंदीत नेणाऱ्या एका मराठी माणसाचा. ज्यांनी तेव्हा ते ऐकलं त्यांच्या कानांत ती चाल अजून आहे. त्या गीतामुळे सूक्ताचा आरंभ आणि शेवट लोकांच्या ओठांवर बसला. मधला भाग मात्र राहून गेला, आणि माझ्या मते सूक्ताचा जीव त्या मधल्या भागात आहे.

मधला भाग राहिला की काय होतं ते आपण रोज पाहतो. देव मानणारा दुसऱ्या ऋचेतलं ‘ते एक’ उचलतो आणि म्हणतो, बघा, वेदांनी ईश्वर सांगितला. न मानणारा सातव्या ऋचेतला शेवटचा चरण उचलतो आणि म्हणतो, बघा, वेदांनाच शंका होती. दोघांचाही दाखला खरा, आणि दोघांचंही वाचन अर्धं. हे सूक्त चढत जाणारं आहे. कुठली पायरी कुठल्या पायरीनंतर येते, यावर त्याचा सगळा अर्थ तोललेला आहे.

पहिली पायरी नकाराची. पण नकार कशाचा, ते नीट पाहायला हवं. तेव्हा ‘असणं’ नव्हतं, असं म्हणून कवी सुरुवात करत नाही. तो आधी ‘नसणं’ नाकारतो, आणि मग ‘असणं’. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ‘शून्यातून काही निघू शकतं का’ हा प्रश्न आपण विचारतो तेव्हा शून्य तरी होतं, असं गृहीत धरलेलं असतं. जणू एक रिकामी जागा होती, अंधारी आणि शांत, आणि तिच्यात मग काही तरी घडलं. कवी पहिल्याच पावलाला ती रिकामी जागा काढून घेतो. लगेच अंतरिक्ष काढून घेतो, आणि त्याच्या पलीकडचं आकाशही.

ऋचेचा पूर्वार्ध असा सगळं काढून घेण्यात जातो. उत्तरार्धात प्रश्नांची सर लागते. कशाने वेढलेलं होतं? कुठे? कुणाच्या आधाराने? पाणी होतं का, गहन, ठाव न लागणारं? आता यात विसंगती आहे, आणि ती कवीला कळत नव्हती असं मानणं म्हणजे त्याला फार कमी लेखणं होईल. जागा नव्हती असं आत्ताच सांगून झालं आहे, मग ‘कुठे’ हा प्रश्न कसला? कुणीच नव्हतं, मग ‘कुणाच्या आधाराने’ कसं? पण आपलं मन असंच चालतं. त्याच्यापुढून सगळं उचलून घेतलं तरी ते ‘कुठे’ आणि ‘कुणाच्या’ हे दोन हात पुढे करतंच. कवी नाकारतो ती सृष्टी, आणि प्रश्न विचारतो तेव्हा ऐकणाऱ्याचं मन उघडं करून दाखवतो. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण चौथ्या ऋचेत ती कामाला येणार आहे.

दुसऱ्या ऋचेत नकार आणखी खोल जातो. मृत्यू नव्हता, अमरत्वही नव्हतं. मृत्यू माणसांचा आणि अमरत्व देवांचं, तेव्हा एका दमात दोन्ही लोक बाद झाले. रात्र आणि दिवस यांची खूण नव्हती, म्हणजे काळही गेला. इतकं सगळं पुसून झाल्यावर या सूक्तातलं पहिलं होकारार्थी क्रियापद येतं, आणि ते श्वास घेण्याचं आहे. ते एक श्वास घेत होतं, वाऱ्यावाचून, स्वतःच्याच बळावर. त्याच्याखेरीज दुसरं काहीही नव्हतं.

वाऱ्यावाचून श्वास! जगातल्या काव्यात यापेक्षा धीट प्रतिमा मला माहीत नाही. श्वास म्हणजे आतबाहेर होणं, आणि इथे बाहेर असं काही नाहीच. तरी कवीला ‘ते होतं’ एवढं कोरडं विधान पुरत नाही. त्याला जिवंतपणा सांगायचा आहे, आणि जिवंतपणा सांगायला माणसाजवळ श्वासापलीकडे काय असतं? म्हणून तो श्वास घेतो आणि त्यातला वारा काढून टाकतो. आणखी एक बारकावा आहे. हे ‘एक’ नपुंसकलिंगी आहे. तो नाही, ती नाही, ‘ते’. नाव नाही, रूप नाही, इच्छाही अजून नाही. सूक्तात ‘तो’ येईल, पण अगदी शेवटच्या ऋचेत, आणि तो येईल तेव्हा ‘ते’ आणि ‘तो’ एकच का, हे कवी सांगणार नाही.

तिसऱ्या ऋचेत अंधाराने झाकलेला अंधार आहे आणि ज्यात काहीच वेगळं ओळखू येत नाही असं पाणी आहे. पहिल्या ऋचेत पाणी प्रश्नात होतं, इथे विधानात आलं. मघा नसणंही नव्हतं, आता अंधार कुठून आला, असा आक्षेप कुणी घेईल. मला यात कवीची लबाडी दिसत नाही, प्रामाणिक हतबलता दिसते. काही सांगायचं तर चित्र काढावं लागतं, आणि चित्र काढलं की ते खोटं पडतं. म्हणून तो असं चित्र काढतो ज्यात काहीच दिसत नाही. अंधारावर अंधार. आणि मग पोकळीने झाकलेलं जे होऊ पाहत होतं, ते तपाच्या सामर्थ्याने जन्माला आलं. तप म्हणजे इथे आधी ऊब. अंड्यावर बसलेल्या कोंबडीची जी ऊब असते, बाहेरून काही न घालता आतलं जागं करणारी, तशी. काही अभ्यासकांना या ऋचेत अंड्याचंच चित्र दिसलं आहे, आणि मला ते पटतं.

आता चौथी ऋचा. सूक्ताच्या अगदी मध्यावर ती आहे, अलीकडे तीन, पलीकडे तीन. आरंभी त्या ‘एका’वर काम आला, कामना आली, आणि ती मनाचं पहिलं बीज होती. एवढं सांगून कवी एकदम माणसांकडे वळतो. शोध घेणाऱ्या कवींना, त्यांच्या हृदयात, विचाराने, असण्याचं नसण्याशी असलेलं नातं सापडलं.

हे वळण किती अवचित आहे ते पाहावं. आतापर्यंत आपण सृष्टीच्या आधीच्या अंधारात होतो, जिथे माणूस असण्याची शक्यताच नव्हती. आणि क्षणात आपण शोध घेणाऱ्या माणसांच्या काळजात येऊन पडलो. सृष्टीचा उगम सांगता सांगता कवी विचाराचा उगम सांगू लागला. या दोन गोष्टी त्याने शेजारी का ठेवल्या? अमेरिकन संस्कृतज्ञ जोएल ब्रेरेटन यांनी १९९९मध्ये या सूक्तावर एक लेख लिहिला. त्यात त्यांनी मांडलं की ‘ते एक’ म्हणजे विचारच, आणि सूक्ताचे प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात तोच विचार जागा करण्यासाठी आहेत. हे आधुनिक वाटतं, पण त्याचं मूळ आपल्याच परंपरेत आहे. शतपथ ब्राह्मणाच्या दहाव्या कांडात याच सूक्ताचा धागा पकडून सांगितलं आहे की आरंभी जे होतंसं होतं आणि नव्हतंसंही होतं, ते मन होतं. वेदांना सर्वात जवळचे जे वाचक, त्यांनीच हे वाचन केलेलं आहे.

मघाशी म्हटलं ते इथे जोडून पाहा. पहिल्या ऋचेपासून कवी आपल्याकडून एकच गोष्ट करवून घेतो आहे : काहीच नाही, याची कल्पना. आपण ती करू जातो आणि ती करणारं मन तिथे उरतं. सगळं पुसलं तरी पुसणारा पुसला जात नाही. असण्याचं नसण्याशी जे नातं कवींना ‘हृदयात’ सापडलं म्हणतात, ते मला असं दिसतं. नसण्याचा विचार करायला बसलेलं मन नसणं उरूच देत नाही.

ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त हीच जागा तर्काने गाठली आहे. त्यांनी दिलेले दाखले असे. दिवा मालवणाराही दिव्याबरोबर मालवला, तर दिवा नाही हे जाणायला कोण राहिलं? झोप येताच झोपणाराच संपला, तर छान झोप लागली हे कुणी सांगायचं? घडा असतो तेव्हा घडा दिसतो, फुटला की फुटल्याचं दिसतं. पण काहीच नाही, तर ‘नाही’ म्हणायला तरी कुणी हवं ना? शून्य मानणाऱ्याला ज्ञानदेवांचा सवाल असा आहे. वैदिक कवी आणि ज्ञानदेव यांच्यात दोन हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. एकाची रीत प्रश्नाची, दुसऱ्याची दृष्टान्ताची. तरी दोघांचं पाऊल एकाच दगडावर पडलेलं दिसतं, आणि मराठी वाचकाला हा दगड ओळखीचा आहे, याचा मला आनंद वाटतो.

इथे सूक्त संपलं असतं, तर ते एक सुंदर तत्त्वज्ञान झालं असतं. आरंभी मन, त्यातून कामना, कामनेतून जग. उपनिषदांनी पुढे हाच रस्ता निरनिराळ्या अंगांनी बांधून काढला. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, बजावतो. बारा वर्षं शिकून ताठ मानेने घरी आलेला तो चोवीस वर्षांचा मुलगा. बाप म्हणतो : काही लोक आरंभी नुसतं असत् होतं आणि त्यातून सत् झालं असं मानतात, पण बाळा, असं कसं होईल? आरंभी सत्-च होतं. तैत्तिरीय उपनिषद याच्या उलट, आरंभी असत् होतं आणि त्यातून सत् झालं, असं म्हणतं. खुद्द ऋग्वेदात, दहाव्याच मंडलातल्या ७२व्या सूक्तात, असत्-तून सत् जन्मल्याचं सांगितलं आहे. सांख्यांनी मग सिद्धान्तच केला की जे कारणात मुळीच नाही ते कार्यात येऊ शकत नाही. नैयायिक उलट बाजूने भांडले, पण त्यांनीही जगाची सामग्री म्हणून नित्य परमाणू मानले, आणि ईश्वराला कुंभारासारखं निमित्तकारण केलं. निव्वळ नाहीतून, केवळ ईश्वरी आज्ञेने जग उभं राहिलं, ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातली कल्पना आपल्या दर्शनांत रुजली नाही. आपल्याकडे देवालाही माती लागते, नाही तर मुंडकोपनिषदातल्या कोळ्यासारखा धागा स्वतःतूनच काढावा लागतो.

या सगळ्या पक्षांजवळ आपापलं एकेक उत्तर आहे. नासदीय सूक्त चौथ्या ऋचेत उत्तराच्या दाराशी येतं, आणि आत जात नाही. त्याचं मोठेपण मला इथे वाटतं.

पाचवी ऋचा अवघड आहे. तिच्यावर पंडितांचं एकमत नाही आणि मला तिथे फार रेंगाळायचं नाही. कवींनी एक दोरी आडवी ताणली. मग, खाली होतं का? वर होतं का? बीज धारण करणारे होते, सामर्थ्यं होती, खाली एक शक्ती, वर एक प्रेरणा. यज्ञभूमी आखताना दोरी ताणतात, हे त्या काळच्या ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचं दृश्य होतं. आणि पुढच्याच, १३०व्या सूक्तात यज्ञ हे धाग्यांनी ताणलेलं वस्त्र आहे. तेव्हा दोरी काय करते हे कळायला अडचण नाही. ती वर आणि खाली वेगळं करते. ज्या अंधारात काहीच वेगळं नव्हतं, तिथे विचाराने पहिली रेघ ओढली. रेघ ओढताच पुन्हा प्रश्न उभे राहिले, हे मात्र विसरू नये.

सहाव्या ऋचेत कवीचा आवाज बदलतो. खरोखर कुणाला माहीत आहे? इथे कोण सांगू शकेल? कुठून झाली ही सृष्टी? आणि लगेच तो कारण देतो : देव तर या सृष्टीच्या अलीकडचे. मग ती कुठून आली, कोण जाणणार?

रोज सकाळ-संध्याकाळ देवांना आहुती देणाऱ्या समाजात हे वाक्य उच्चारलं गेलं आहे. ते बंडखोराने उच्चारलेलं नाही, संहितेत जपलं गेलं आहे, पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलं गेलं आहे. देवांचा अपमान त्यात नाही. साधा हिशेब आहे : जो नंतर जन्मला त्याला आधीचं विचारून उपयोग नाही. म्हणून साक्ष देऊ शकणाऱ्यांची यादी कवी क्रमाने तपासतो. माणसं बाद झाली. देव बाद झाले. उरला एकच.

सातवी ऋचा त्या एकाची आहे, आणि तिच्या छंदाकडे कान द्यायला हवा. सूक्ताचा छंद त्रिष्टुभ्. चार चरण, प्रत्येकी अकरा अक्षरं. सातव्या ऋचेचा पहिला चरण अकरा अक्षरांत म्हणतो, ही सृष्टी जिथून उद्भवली. दुसरा चरण म्हणतो, त्याने ती केली असेल, किंवा नसेल. आणि नवव्या अक्षरावर थांबतो. मोजून पाहा. दोन अक्षरं आलेलीच नाहीत. ‘किंवा नाही’ इथे वाक्य लटकतं. छंदाला सरावलेला कान पुढच्या दोन अक्षरांची वाट पाहतो आणि त्याला काही मिळत नाही. ब्रेरेटन यांनीही आपल्या लेखात या तुटलेल्या चरणाकडे लक्ष वेधलं आहे. पाठात चूक झाली असेल असं म्हणता येईल, पण ज्या परंपरेने पद, क्रम, जटा, घन अशा पाठांनी एकेका अक्षरावर पहारा ठेवला, तिने ही तूट तशीच सांभाळली.

तिसऱ्या चरणात तो येतो. परम आकाशात बसलेला या सृष्टीचा अध्यक्ष, सगळ्यावर ज्याची नजर आहे. आता तरी उत्तर मिळेल असं वाटतं. चौथा चरण म्हणतो, तो जाणतो. आणि त्याच चरणात म्हणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही. हा चरण अकरा अक्षरांचा, भरलेला आहे. निर्मिती केली की नाही हे सांगणारी ओळ अपुरी, आणि ज्ञान आहे की नाही याची शंका घेणारी ओळ पुरी. कवीने हे जाणून केलं की त्याच्या कानाने करवून घेतलं, काहीही असो, या सूक्तात याहून सुंदर जागा नाही.

परंपरेला हा शेवट सोसवणं सोपं नव्हतं. चौदाव्या शतकातले भाष्यकार सायणाचार्य त्याचा असा अर्थ लावतात की सर्वज्ञ ईश्वरच ते जाणू शकेल, दुसरा कुणी नाही. म्हणजे शंका देवाबद्दल राहत नाही, इतरांवर जाते. तैत्तिरीय ब्राह्मणात हेच सूक्त आलं आहे, आणि त्याच्या पाठोपाठ, जग ज्यातून घडवलं ते वन कोणतं, तो वृक्ष कोणता, हा ऋग्वेदाच्या विश्वकर्मा सूक्तातला प्रश्न घेऊन त्याचं उत्तर दिलं आहे : ब्रह्म. हिरण्यगर्भ सूक्तात पहिल्या नऊ ऋचांच्या शेवटी ‘कोणत्या देवाला’ असा प्रश्न येतो, तर पुढे ‘क’ हेच प्रजापतीचं नाव ठरलं. मी यांना दोष देत नाही. ज्याला यज्ञ करायचा आहे, मुलाला शिकवायचं आहे, मरणाला सामोरं जायचं आहे, त्याला उत्तर लागतं. तरी त्याच परंपरेने मूळ सूक्ताच्या शब्दांना हात लावला नाही. भाष्यात उत्तर दिलं, संहितेत शंका ठेवली. आणि अनुक्रमणीत या सूक्ताचा ऋषी म्हणून कुणाचं नाव आहे? परमेष्ठी प्रजापतीचं. सृष्टीचा कर्ता ज्याला म्हणतात त्याच्याच नावावर ‘कदाचित त्यालाही माहीत नसेल’ हे वाक्य जमा आहे. या गोष्टीचा जितका विचार करावा तितकी ती मोठी होत जाते.

लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या नवव्या, ‘अध्यात्म’ प्रकरणात हे सूक्त अर्थासह घेऊन त्यावर सविस्तर लिहिलं आहे. १९१०-११च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, पेन्सिलीने. १९१५मध्ये ते पुस्तकरूपाने आलं. सत् आणि असत् या जोडीच्या पलीकडे गेलेलं निर्गुण ब्रह्म इथे सुचवलं आहे, असं त्यांचं वाचन. मी त्यांच्याइतका निश्चिंत होऊ शकत नाही. ‘ते एक’ला ब्रह्म म्हणताच सहावी आणि सातवी ऋचा पुरवणीसारख्या उरतात, आणि माझ्या वाचनात त्याच कळसाच्या जागी आहेत. तरी मराठीत या सूक्ताशी इतक्या गांभीर्याने झटलेला दुसरा गद्यकार मला आठवत नाही.

आजच्या वाचकाच्या मनात इथे विज्ञान येणारच, आणि ते यावंही. एडवर्ड ट्रायन या भौतिकशास्त्रज्ञाने १९७३मध्ये ‘नेचर’मध्ये एक कल्पना मांडली : विश्व हा निर्वाताचा एक क्षोभ असू शकेल. विश्वातलं द्रव्य धन ऊर्जेचं, गुरुत्वाकर्षण ऋण ऊर्जेचं. बेरीज शून्य झाली तर विश्व उगवायला काही खर्चच येत नाही. २०१२मध्ये लॉरेन्स क्राउस यांनी विश्व शून्यातून कसं येऊ शकतं यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं, आणि तत्त्वज्ञ डेव्हिड अल्बर्ट यांनी त्यावर नेमकं बोट ठेवलं. पुंज-निर्वातात क्षेत्रं असतात, नियम असतात. त्याला ‘काहीच नाही’ म्हणता येत नाही. पहिल्या ऋचेतला प्रश्न हाच आहे : कुठे, आणि कुणाच्या आधाराने? नियम तरी कशाच्या आधारावर उभे होते?

आपल्या जवळचं उदाहरण जयंत नारळीकरांचं. १९४८मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉइल यांनी स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला. त्यात विश्वाला आरंभ नाही, पण ते प्रसरण पावत असताना नवं द्रव्य सतत निर्माण व्हावं लागतं. मग नव्या द्रव्याची ऊर्जा कुठून येते? हॉइल आणि नारळीकर यांनी साठच्या दशकात त्यासाठी ऋण ऊर्जेचं एक क्षेत्र गणितात आणलं, म्हणजे अक्षय्यतेचा नियम मोडत नाही. महास्फोटावर नारळीकरांचा मुख्य आक्षेप हाच होता की शून्य क्षणाला सगळं द्रव्य एकदम येतं आणि तिथे भौतिकशास्त्राचे नियम गप्प बसतात. १९६५मध्ये सापडलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमीने बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाकडे गेला. नारळीकर मात्र १९९३च्या सुधारित मांडणीसह अखेरपर्यंत आपल्या प्रश्नावर ठाम राहिले. २० मे २०२५ला पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांचा सिद्धान्त मागे पडला असेल, पण ‘नाही’तून ‘आहे’ होऊ देणार नाही, हा हट्ट उद्दालकाचा आणि सांख्यांचाही होता, आणि तो मला आदरणीय वाटतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. या सूक्तात महास्फोट आधीच सांगितला होता, असा दावा आता सर्रास फिरतो. तो करू नका. त्याने विज्ञानाचा मान वाढत नाही, आणि सूक्ताचं तर नुकसानच होतं. ज्या कवीने देवाच्या ज्ञानावरही ‘कदाचित’ लिहिलं, त्याच्या तोंडी आपण कालच्या पाठ्यपुस्तकाचं उत्तर घालतो. पाठ्यपुस्तक उद्या बदलेल. मग सूक्तही खोटं पडलं असं म्हणायचं का? त्याने माहिती दिलेली नाही. त्याने प्रश्न कुठवर न्यावा, त्याची हद्द दाखवली आहे.

आणि ईश्वर? या सूक्ताच्या आधारे तो आहे असं सिद्ध करता येत नाही, नाही असंही करता येत नाही. जगाला कारण हवं म्हणून ईश्वर हवा, हा युक्तिवाद इथे नाहीच. अध्यक्ष इथे अनुमानाने येत नाही, शेवटचा साक्षीदार म्हणून येतो, आणि त्याची साक्ष अपुरी राहते. तरीही कवीने त्याला परम आकाशात बसवलं आहे, तिथून खाली खेचलेलं नाही. श्रद्धा आणि शंका एकाच चरणात, एकाच क्रियापदावर उभ्या आहेत. असं वाक्य लिहायला दोन्हींची सारखीच ताकद अंगी असावी लागते. मी देव मानणाऱ्या घरात वाढलो आणि माझा देव या चरणाने कधी डळमळला नाही. उलट ज्या देवाबद्दल असं बोलता येतं, तोच मला मानण्याजोगा वाटत आला.

तेव्हा हे सूक्त कुणाला पाठवणार असाल, तर सातही ऋचा पाठवा. घरात ‘गीतारहस्य’ असेल तर नववं प्रकरण उघडा. अर्थ तिथे मराठीत आहे. मुलांना सांगताना शेवटच्या शंकेवर आपलं उत्तर चिकटवू नका. आणि मूळ संस्कृत एकदा तरी मोठ्याने वाचा. सातव्या ऋचेचा दुसरा चरण आला की अक्षरं बोटांवर मोजा : ती नऊच आहेत.